भिंतीवरच्या सात रेघा

आमच्या पार्किंगच्या भिंतीवर हातभर जागा रंगवायची राहिली आहे. बाकी सगळी भिंत पिवळसर, आणि तेवढाच तुकडा जुना पांढरा. त्यावर सात काळ्या रेघा. सोसायटीत नवीन कोणी राहायला आलं की विचारतं, हे काय. मग खालच्या मजल्यावरचे रिटायर झालेले बँकवाले साहेब त्यांना काहीतरी सांगतात आणि ऐकणारे माझ्याकडे बघून हसतात. बँकवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, त्यांना गोष्ट सांगता येत नाही. म्हणून मीच लिहायला बसलो. शाळेत मी चौथीपर्यंत होतो. शुद्धलेखन बायको तपासणार आहे, ती दहावी आहे. त्यामुळे तिच्याविषयी जे लिहीन ते जरा जपून.

मी टर्नर. खडकीला एका कारखान्यात अडतीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापणाऱ्या मशिनवर, काम केलं. लेथवर काम म्हणजे वाकून काम. कामावर डोळे, हातात चाकं, आणि पाठ धनुष्यासारखी. आठ तास असा वाकलेला माणूस घरी जाताना सरळ चालतो, हीच टर्नरची खरी कमाई. माझी पाठ कधी दुखली नाही. दुखली असेल तर मी तिला विचारलं नाही.

सत्तरी झाल्यावर माझी जुनी स्कूटर मेली. दुरुस्त करता आली असती, पण बायको म्हणाली, पुरे, आता नवीन बिनगिअरची घेऊ, मलाही मागं बसता येईल. म्हणून आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. तिथला विकणारा पोरगा टाय लावून उभा होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि थेट कोपऱ्यातल्या राखाडी स्कूटरकडे नेलं.

"आजोबा, ही तुमच्यासाठी. बसायला एकदम सोपी. पाय उचलायला पण नको."

पाय उचलायला नको, म्हणजे काय.  माझी नजर पलीकडे गेली, तिथं एक लालभडक रेसिंगची गाडी उभी होती. पुढं काच, टाकी फुगलेली, हँडल खाली दबलेलं, मागची सीट एवढीशी आणि आभाळात. मी नुसतं बघत होतो, देवाशपथ नुसतं बघत होतो. तो पोरगा म्हणाला, "ती तरुण मुलांची आहे आजोबा. वाकून बसावं लागतं. तुम्हाला नाही जमणार."

मी म्हणालो, "बाळ, तू जन्मायच्या आधीपासून मी वाकतोय. तीच काढ बाहेर."

 बायको चार लोकांत कधीच वाद घालत नाही. घरी आल्यावर तिनं पदर खोचला, लेकीला वाघोलीला फोन लावला, फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे साक्षीदार राहावा म्हणून, आणि मला म्हणाली, "अहो, आता एकच सांगा. हात दुखला, पाठ दुखली, की मग काय?"

"काही दुखणार नाही."

"दुखलं तर?"

"ज्या दिवशी माझ्या तोंडून निघेल की दुखतंय, त्या दिवशी गाडी विकून टाकीन. शब्द."

"ऐकलंस गं?" बायको फोनमध्ये म्हणाली.

"ऐकलं," लेक म्हणाली. "बाबा, अजून विचार करा."

माझा शब्द म्हणजे माझा शब्द. कारखान्यात मी एकदा म्हणालो होतो की अमक्या फोरमनच्या हातचा चहा पिणार नाही. तो रिटायर झाला, त्याच्या निरोप समारंभाला मी सरबत प्यायलो. तेव्हा हे काही गमतीत बोललेलं नव्हतं. आणि गाडी मला मनापासून आवडली होती, हेही खरं. सकाळी पार्किंगमध्ये उतरलो आणि ती लाल पाठ दिसली की मला चाळीस वर्षांपूर्वीचा माणूस आठवायचा. तो माणूस मीच होतो, पण बऱ्याच दिवसांत भेट नव्हती.

पहिल्या रविवारी कर्वेनगरहून वाघोलीला लेकीकडे गेलो. बायको बसनं गेली. त्या मागच्या सीटकडे बघून ती एवढंच म्हणाली होती, "ही सीट नाही, माळा आहे. मी काय सुटकेस आहे का वर ठेवायला?"

अर्ध्या वाटेत मला गाडीचं गणित कळलं. ही गाडी वेगात पळवली तर समोरून येणारा वारा छातीला धरून ठेवतो, हातावर भार येत नाही. पण आपल्या नगर रस्त्यावर वारा कुठून येणार. पुढं टेंपो, मागं टेंपो, मधे सिग्नल. सगळं अंग त्या दोन मनगटांवर. लेथवर वाकतो तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर असतात, हे मी शोरूममध्ये विसरलो होतो. वर हेल्मेट, त्यामुळे समोर बघायचं तर मान कोंबड्यासारखी वर काढायची. खराडीच्या पुढं माझी बोटं झोपली. वाघोलीला उतरलो तर दोन्ही हातांची मूठ वळलेलीच, उघडेना. हातमोजे दातानं काढले.

लेकीनं चहा आणला. कप उचलायला गेलो तर कप टकटक वाजायला लागला. मी पटकन बशीत ओतला, बशी टेबलावरच ठेवली आणि तोंड खाली नेऊन प्यायलो.

लेक म्हणाली, "बाबा, किती वर्षांनी बशीतून."

"चव लागते," मी म्हणालो.

बायको समोर बसली होती. ती माझ्या आधी पोचली होती. तिनं बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पोह्यांवर खोबरं घालायला उठून गेली.

चार रविवार काढले. सोमवारी डबा उघडता यायचा नाही, मंगळवारी यायचा. बाथरूममध्ये दार लावून मनगटांना तेल चोळायचो. तेलाची बाटली बायकोच्या गुडघ्यासाठी आणलेली. चोरूनच वापरायचो, पण गंमत अशी की बाटली संपायची आणि नवी बाटली आपोआप तिथं यायची. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. बायकोचे गुडघे फारच वाढलेत, एवढंच वाटलं.

पाचव्या आठवड्यात मी खडकीला उस्तादकडे गेलो. उस्ताद म्हणजे माझा लेथवरचा जोडीदार. त्याचं घराणं आजोबांच्या आधीपासून खडकीतच. कारखान्यात आमची मशिनं शेजारी होती. रिटायर झाल्यावर त्यानं गल्लीत एक जुना लेथ टाकला. मी त्याला उस्ताद म्हणतो आणि तो मला मास्तर म्हणतो. चौथी शिकलेल्या माणसाला मास्तर म्हणणारा पुण्यात तो एकटाच.

गाडी बघून त्यानं चष्मा वर केला. "मास्तर, ही कोणाची पळवून आणली?"

"माझी आहे."

"आणि मनगटं कोणाची?"

लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे दुखतंय एवढं सोडून सगळं सांगितलं. शब्द दिलेला. मी म्हणालो, हँडल जरा वर घ्यायचंय, बस.

उस्ताद गाडीभोवती फिरला. या गाडीला साध्या गाडीसारखा अखंड पाइप नसतो. डावीकडचं हँडल वेगळं, उजवीकडचं वेगळं, आणि दोन्ही पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर, टी म्हणतात त्या भागावर बोल्टनं आवळलेली. तो म्हणाला, "सोपं आहे. ही दोन्ही काढून टाकू. दोन ठोकळे करू, वर साधा अखंड पाइप टाकू, उंच. केबल बदलू, ब्रेकचा पाइप लांब घेऊ. एका दिवसाचं काम."

"म्हणजे लगेच दिसेल."

"दिसेलच ना. चार इंच वर जाणार."

"बायकोला दिसेल. बँकवाल्यांना दिसेल. मग मी तोंडानं बोललो काय आणि हँडल बोललं काय."

उस्तादनं चष्मा परत खाली घेतला. "मग?"

मग मी माझी युक्ती सांगितली. हँडलच्या खाली ॲल्युमिनियमची एकेक रिंग घालायची. पाच एमेमची. पुढच्या शनिवारी ती काढून दहाची घालायची. मग पंधरा. माणूस रोज आरशात बघतो, केस पांढरे कधी झाले त्याला कळतं का? तसंच. कोणाच्या लक्षातच येणार नाही आणि दोन-तीन महिन्यांत मी सरळ बसलेला असेन.

उस्ताद म्हणाला, "अपेंडिक्सचं ऑपरेशन कोणी हप्त्यानं करतं का?"

"तू लेथ दे. शहाणपण ठेव तुझ्याकडे."

"लेथ घ्या. शहाणपण तर मी फुकट देत होतो."

तर दर शनिवारी दुपारी मी खडकीला जायला लागलो. बायकोला सांगायचो, उस्तादच्या लेथला तेल घालायला चाललोय. रिंगा मी स्वतः लेथवर करायचो. एकावर एक चकत्या रचून काम भागलं असतं, पण ते गॅरेजवाल्याचं काम, टर्नरचं नव्हे. प्रत्येक वेळी नवीन जोडी, अखंड, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, व्हर्नियर लावून मापलेली. बोल्टही दर वेळी तेवढाच लांब नवा. इतकी वर्षं कारखान्यासाठी मापात काम केलं, आता स्वतःच्या लबाडीसाठी करत होतो. कामात मात्र कसूर नाही.

पाच एमेमनं काय फरक पडणार. पण रिंगा घातल्यावरच्या पहिल्या रविवारी मी वाघोलीला मुद्दाम कप हातात धरून चहा प्यायलो. थोडा सांडला. दहाला कमी सांडला. पंधराला मान जरा सुटली. वीसला मी रस्त्यात एका कॉलेजच्या पोराला मागं टाकलं, सिग्नलवर त्यानं अंगठा दाखवला, मीही दाखवला, कारण अंगठा आता हलत होता.

घरी कोणाला काही कळत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. बायको शनिवारी संध्याकाळी फक्त विचारायची, "घातलं तेल?"

"घातलं."

"त्या लेथला बाई फारच तेल लागतं."

बँकवाल्यांचं तर बघायलाच नको. ते रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचतात. सकाळचा पेपर संध्याकाळी, कारण सकाळी तो शेजाऱ्यांचा वाचून झालेला नसतो. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला मेकॅनिक म्हणतात. मी टर्नर आहे हे शंभर वेळा सांगून झालं. एकदा पेपराच्या वरून बघत ते म्हणाले, "मेकॅनिक, हल्ली तुमची उंची वाढल्यासारखी वाटते."

"योगासनं करतो साहेब."

"गाडीवर?"

मी ऐकलंच नाही असं केलं आणि गाडी जागेवर लावली. माझी जागा भिंतीला लागून आहे. गाडी ढकलत आत न्यायची, उजवी बाजू भिंतीच्या अगदी जवळ, मग स्टँडवर डावीकडे कलती करायची. लोक दोन हात लांब लावतात. मी एका बोटाच्या अंतरावर लावतो. मापात काम करणाऱ्या माणसाला गाडी दोन हात लांब लावायची लाज वाटते.

पंचवीसला गडबड झाली. लबाडी पाच-पाच एमेमनं वर गेली, पण ॲक्सिलेटरची केबल होती तेवढीच राहिली. वीसपर्यंत तिनं सहन केलं. पंचवीसला ती ताणली गेली आणि हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की केबल ओढली जाऊन इंजिन आपोआप भर्र करायला लागलं. शनिवारी पार्किंगमध्ये वळतानाच गाडी ओरडली. बँकवाल्यांच्या हातातला पेपर हलला.

"मेकॅनिक, गाडीला राग आला वाटतं."

"रेसिंगची आहे साहेब. त्यांचं असंच असतं."

असंच असतं हे मी त्यांना सांगितलं, आणि रात्रभरात स्वतःलाही पटवून दिलं, हा माझा गाढवपणा. अडतीस वर्षं दुसऱ्याच्या मशिनचा बारीकसा आवाज ऐकून मी नेमका बिघाड सांगायचो. स्वतःच्या गाडीनं तोंडावर ओरडून सांगितलं तर तिला गप्प बस म्हणालो. कारण खरा इलाज करायचा तर केबल लांब घालावी लागणार, आणि लांब केबल घातली की काचेच्या बाहेर तिचा फुगा दिसणार, आणि फुगा दिसला की विचारणा होणार.

रविवारी वाघोलीत लेकीच्या गल्लीसमोर मला उलटं वळायचं होतं. हळू केली, हँडल पूर्ण वळवलं, आणि गाडी बैलासारखी पुढं उसळली. क्लच दाबेपर्यंत मी रस्ता सोडून कडेच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे निघालो होतो. ब्रेक लागला तेव्हा माझं पुढचं चाक आणि त्याचा घुंगरांचा चरक यांच्यात एका उसाचं अंतर होतं. घुंगरं थांबली. रसवाला घाबरला नाही की ओरडला नाही. त्यानं एक ग्लास भरला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आजोबा, रस पायजे तर हाक मारायची की. गाडी आत कशाला आणता."

रस प्यायलो. गाडीवरून न उतरताच प्यायलो. समोर एक लहान मुलगी आईचा हात धरून उभी होती. आईनं तिला मागं ओढून घेतलेलं होतं आणि अजून सोडलं नव्हतं. त्या बाईनं मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारीच उस्तादकडे गेलो. शनिवारची वाट बघितली नाही. त्याला रसाची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. लेथ बंद केला, हात पुसले.

"मास्तर, कारखान्यात एक पोरगा लोखंडाचा तुकडा चकात न आवळताच मशीन चालू करत होता. तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवली होती. आठवतंय?"

"आठवतंय."

"कान इकडे करा."

मी खरंच केला. त्यानं नुसती टपली मारली आणि म्हणाला, "बदला. सगळं. आज."

मग ते काम रीतसर झालं. दोन्ही सुटी हँडलं काढली, माझ्या सुंदर रिंगा डब्यात गेल्या. जुन्याच बोल्टच्या जागी नेमके बसतील असे दोन ठोकळे उस्तादनं अखंड ॲल्युमिनियममधून काढले. मी त्याच्या मागं उभा राहून सूचना देत होतो, त्यानं मला चहा आणायला पाठवलं. वर साधा, रुंद, उंच पाइप. नाना पेठेतून मी लांब केबली आणल्या, क्लचची, ॲक्सिलेटरची, आणि ब्रेकचा वीतभर जास्तीचा पाइप. मग उस्तादनं मला गाडीवर बसवलं, इंजिन चालू ठेवलं आणि हँडल शेवटपर्यंत डावीकडे, शेवटपर्यंत उजवीकडे, वीस वेळा फिरवायला लावलं. इंजिनचा सूर तसूभर हलला नाही. टाकी आणि मूठ यांच्यात अंगठा सापडत नाही हेही बघितलं. माझाच अंगठा घालून.

"बसा नीट," तो म्हणाला. मी बसलो. पाठ सरळ, खांदे खाली, हात हलके. वर्तमानपत्र वाचायला खुर्चीत बसावं तसं. मला फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी बायको आठवली. कारण आता हे पाच एमेम नव्हतं. हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

घरी येताना मी तीन थापा तयार केल्या. एक, कंपनीनंच बोलावून बदलून दिलं. दोन, जुनं हँडल चोरीला गेलं. तीन, उस्तादला प्रयोग करायचा होता, मी मैत्रीखातर गाडी दिली. तिसरी चांगली होती. तीच घोकत फाटकातून आत शिरलो.

पार्किंगमध्ये रंगारी आले होते. सोसायटीला रंग चालू आहे हे मी विसरलोच होतो. सगळ्या गाड्या बाहेर काढलेल्या आणि माझ्या जागेसमोर बायको, बँकवाले आणि एक रंगारी, तिघं भिंतीकडे तोंड करून उभे. देवळात उभे राहतात तसे.

मी गाडी थांबवली. रंगाऱ्यानं मागं वळून विचारलं, "काका, इथं नातवाची उंची मोजता का हो?"

भिंतीवर रेघा होत्या. काळ्या, आडव्या, एकावर एक. सहा. माझ्या उजव्या मुठीच्या टोकाला लोखंडी बोंड असतं, गाडी ढकलत आत नेताना ते रोज भिंतीला घासत होतं. एका बोटाच्या अंतराचा हिशेब मी हँडलच्या टोकापर्यंत नेलाच नव्हता. सगळ्यात खालची मूळ हँडलची, मग दर आठवड्याला रेघ पाच एमेमनं वर. मी कायम डावीकडून उतरणार, गाडी मधे, मला भिंतीची ती बाजू कधी दिसलीच नाही. बाकी सगळ्या सोसायटीला दिसत होती.

बायको रंगाऱ्याला म्हणाली, "आमच्या घरी मोजण्यासारखं एकच मूल आहे. सत्तरी झालीय."

मला लाज वाटायला हवी होती. पण खोटं कशाला सांगू, आधी मी वाकून रेघा बघितल्या. खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि लावली. पाच. पाच. पाच. पाच. पाच. एकही रेघ चुकलेली नाही.

"बघा साहेब," मी बँकवाल्यांना म्हणालो, "याला टर्नर म्हणतात."

बँकवाले म्हणाले, "मी तिसऱ्या रेघेलाच वहिनींना सांगणार होतो. त्या म्हणाल्या, दुसऱ्या रेघेपासून माहितीये."

बायकोनं नव्या हँडलकडे बघितलं. मग म्हणाली, "अहो, गाडी लावा आणि वर या." माझ्या तिन्ही थापा तिथंच विझल्या. मी गाडी सवयीनं भिंतीला लावली, आणि सातवी रेघ उठली, चार बोटं वर. रंगारी हसला. 

वर चहा तयार होता. तिनं कप माझ्यासमोर ठेवला, बशी ठेवली नाही.

"दुखत होतं ना?"

"कोण म्हणतं?"

"भिंत म्हणते."

मी चहावरची साय बोटानं बाजूला केली.  

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "काल वाघोलीला काय झालं? रसाच्या गाड्यावर? मी लेकीच्या गॅलरीत उभी होते."

हे मला ठाऊक नव्हतं. मग मी तिच्याकडे न बघता सांगितलं. केबल, उसळलेली गाडी, ती मुलगी, तिच्या आईचा हात.  ती म्हणाली, "हात दुखतो म्हणायची लाज, म्हणून एवढं?"

वाकून काम करणारा माणूस वाकल्यामुळे दुखतं असं म्हणाला की मागची सगळी वर्षं खोटी पडतात, असं मला वाटत होतं. हे तिला नीट सांगता आलं नाही. इथंही नीट लिहिता येत नाही. पण मी म्हणालो, "दुखत होतं. मनगटं. पहिल्या दिवसापासून." आणि मग, आता बोललोच आहे तर, म्हणून, "मान पण."

"झालं," ती म्हणाली. "बोललात. आता विकायची."

"विकायची," मी म्हणालो. शब्द तो शब्द. पण खाली ती लाल गाडी उभी, पहिल्यांदा नीट बसता येईल अशी, आणि ती उद्या कोणीतरी टायवाला पोरगा घेऊन जाणार, या विचारानं मी कप तसाच बाजूला सारला.

"माझ्याकडे गिऱ्हाईक आहे," बायको म्हणाली.

"एवढ्यात? कोण?"

"मी."

 ती उठली, कपाटातून एक कागद काढून आणला. गाडी नावावर करण्याचा फॉर्म. तिच्या दहावीच्या अक्षरात सगळा भरलेला. फक्त माझ्या सहीची जागा मोकळी. कागदाच्या घड्या जुन्या झाल्या होत्या. कधीपासून भरून ठेवला होता, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या रेघेपासून असणार.

"काय देशील?" मी विचारलं. व्यवहार म्हटल्यावर विचारायला हवं.

"तेलाच्या बाटल्या धरा त्यात."

सही केली. शब्द मोडला नाही. ज्या दिवशी बोललो, त्याच दिवशी विकली.

आता गाडीची किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला असते, आणि खिळा तिचा आहे. मी विचारतो, गाडी नेऊ का. ती विचारते, कुठं. खडकीला, म्हणतो. तेल घालायला का, म्हणते. मग किल्ली मिळते. बँकवाल्यांना ही व्यवस्था फार आवडली आहे. रंगाऱ्याला तेवढा तुकडा सोडून रंग लाव, असं सांगितलं तेही तिनंच. मालकीण आहे, तिची जागा.

मालकीण झाल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर मागची माळ्यावरची सीट उतरवायला लावली. उस्तादनं खालचा सांगाडा कापून ती बेतशीर खाली घेतली, रुंद केली, धरायला कडी लावली, पाय ठेवायला पायरी. मला परत चहाला पाठवलं. परवाच्या रविवारी आम्ही दोघं पहिल्यांदा त्या गाडीवरून वाघोलीला निघालो. मी ताठ. हात हलके. सिग्नलवर लोक बघत होते आणि मी बघू देत होतो.

येरवडा ओलांडला आणि मागून पाठीवर बोट टोचलं.

"अहो."

"काय?"

"जरा वाका की. तुमच्या पाठीपलीकडे मला रस्ता दिसत नाही."

मी म्हणालो, "अगं, सरळ बसण्यासाठी एवढं सगळं केलं."

"गाडी कोणाची आहे?"

तिथून वाघोलीपर्यंत मी वाकून गेलो. दुखलं का, ते विचारू नका.